लेकीला इतिहास शिकायचाय, हो म्हणू का?

(पत्र पाच पानांचं होतं, हातानं लिहिलेलं आणि फोनवर फोटो काढून पाठवलेलं. त्यातला मुख्य भाग थोडक्यात देते.)

"ताई, माझी मुलगी अठरा वर्षांची आहे. तिला इतिहास घ्यायचाय आणि सोबत एखादी जुनी भाषा शिकायचीय. मार्क चांगले आहेत, गणित तर फारच चांगलं आहे, त्यामुळे सगळे जास्तच चिडलेत की एवढं डोकं असून वाया घालवतेय. तिचे बाबा म्हणतात, एआय एका मिनिटात निबंध लिहून देतं, मग ही तीन-चार वर्षं निबंध लिहायला शिकून काय करणार? माझा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो म्हणतो दहा वर्षांनी हे विषयच राहणार नाहीत. मी वीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे. मला या विषयांतलं काही कळत नाही. मी हो म्हटलं आणि पुढे तिला पस्तावायची वेळ आली तर दोष माझाच. फॉर्म भरायला तीन आठवडे उरलेत. काय करू? - एक आई"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा आलं तेव्हा आणि एकदा आज सकाळी उत्तर लिहायला बसायच्या आधी. मी स्वतः बरीच वर्षं इतिहास शिकवलाय, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं म्हणणं वाचताना तुम्ही तेवढी वजावट करून वाचाल. पण "अहो घेऊ द्या तिला हवं ते, शेवटी आवड महत्त्वाची" एवढं लिहून मी हात झटकणार नाही, कारण तुमची भीती खोटी नाहीये आणि तुमच्या घरचे जे बोलतायत तेही उगाच बोलत नाहीयेत.

आधी भीतीचंच बघू. हे विषय घेणारी मुलं कमी होतायत हे खरंय. अमेरिकेत २०१२ नंतरच्या आठ-दहा वर्षांत इंग्रजी आणि इतिहास घेणाऱ्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशानं घटली. जपानमध्ये २०१५ साली शिक्षण मंत्रालयानं राष्ट्रीय विद्यापीठांना पत्रच पाठवलं की मानव्यविद्या (म्हणजे भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान वगैरे) आणि सामाजिक शास्त्रांचे विभाग बंद करा नाहीतर समाजाच्या जास्त गरजेच्या विषयांकडे वळवा. त्यावर इतका गदारोळ झाला की मंत्रालयाला आमचा अर्थ तसा नव्हता म्हणून खुलासा करावा लागला, आणि गंमत बघा, मोठमोठ्या कंपन्यांची जी संघटना आहे तिकडची, केइदानरेन, तिनंच जाहीर केलं की आम्हाला असं काही नकोय, आम्हाला दोन्हीकडचं कळणारी माणसं हवीत. पण मूळ पत्र निघालं होतं ही गोष्ट राहतेच. पगाराचंही तसंच. बहुतेक देशांत या विषयांतून बाहेर पडलेल्यांचा सुरुवातीचा पगार इंजिनिअरपेक्षा कमी असतो, पहिली चार-पाच वर्षं चाचपडण्यात जातात, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. आणि पूर्वी आमच्या मुलांना जी छोटी छोटी कामं हमखास मिळायची, साधं भाषांतर, कंपन्यांसाठी ठरावीक मजकूर, कुणाच्या तरी भाषणाचा सारांश, ती कामं यंत्रानं खाल्लीयेत, काही उरलीयेत तीही जातील.

आता तुमच्या भावाचं वाक्य. दहा वर्षांनी हे विषयच राहणार नाहीत. ताई, दहा वर्षांनी काय राहील हे सांगणाऱ्यांचा मागचा हिशोब एकदा तपासून बघा, तुम्ही तर हिशोबातल्याच आहात. २०१३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी अंदाज मांडला होता की अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या यंत्रांमुळे धोक्यात येऊ शकतात, तो आकडा तेव्हा जगभर फिरला. अभ्यास मेहनतीनं केलेला होता, पण त्यात एक गृहीतक असं होतं की नवनिर्मितीचं काम यंत्राला अवघड जाईल, म्हणून ती कामं तुलनेनं सुरक्षित. दहाच वर्षांत यंत्र नेमकं तेच करायला लागलं, लिहायला आणि चित्रं काढायला. आणि त्याच काळात "मुलांना कोडिंग शिकवा म्हणजे जन्माची चिंता मिटली" असं सगळे सांगत होते, आज यंत्र कोडही लिहितंय. भावाला कमी लेखायचं नाहीये मला. एवढंच म्हणतेय की अठरा वर्षांच्या मुलीचं पुढचं आयुष्य कुणाच्या तरी दहा वर्षांच्या भाकितावर ठरवू नका, माझ्याही नाही.

तिच्या बाबांचा प्रश्न मात्र जास्त नेमका आहे, त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे. निबंध यंत्र लिहितंय तर ही काय शिकणार? याचं उत्तर मी माझ्या दुसऱ्या वर्षातल्या एका तासावरून देते, कारण त्या दिवसापर्यंत मलाही वाटायचं की इतिहास म्हणजे वाचा आणि छान लिहून काढा.

आमच्या सरांनी प्रत्येकाला एका जुन्या पत्राची झेरॉक्स दिली. बोटीवर काम करणाऱ्या कुणा माणसानं घरी लिहिलेलं पत्र, जेमतेम सात ओळी. अक्षर गिचमिड, म्हणून खाली टाईप केलेली प्रत जोडलेली. साहजिकच आम्ही सगळ्यांनी टाईप केलेलंच वाचलं. "आम्ही सगळे इथे आहोत, काळजी करू नये, पैसे पुढच्या बोटीनं पाठवतो." दहा मिनिटांत सगळ्यांचं लिहून झालं, घरच्यांना धीर देणारं पत्र वगैरे. सरांनी कागद गोळा केले, वाचले नाहीत, बाजूला ठेवले आणि म्हणाले, आता वरचं बघा, हातानं लिहिलेलं. तर त्यात "इथे" आणि "आहोत" यांच्यामध्ये एक शब्द खोडलेला होता. टाईप करणाऱ्यानं तो सोडून दिला होता, त्याच्या लेखी खोडलेलं म्हणजे नसलेलंच. आम्ही तो कागद खिडकीच्या काचेवर धरला, तिरका केला, आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुणीतरी म्हणालं, "सुखरूप". त्यानं आधी लिहिलं होतं की आम्ही सगळे इथे सुखरूप आहोत, आणि मग तो एक शब्द खोडला.

का खोडला असेल? वर्गात कलकलाट झाला. कुणी म्हणे कोणीतरी आजारी असणार, कुणी म्हणे मेलं असणार, कुणी म्हणे उगाच, चुकून लिहिलं असेल. सर म्हणाले, चुकून हे कसं तपासाल? मग बघितलं तर पत्रात अजून दोन ठिकाणी खाडाखोड होती, ती शुद्धलेखनाची, तिथे एकच आडवी रेघ होती. "सुखरूप"वर मात्र चार वेळा रेघा ओढल्या होत्या, इतक्या दाबून की कागद थोडा फाटला होता, आणि झेरॉक्समध्ये तो फाटलेला भाग काळा डाग म्हणून दिसत होता. पुढच्या तासाला सरांनी बोटीच्या नोंदवहीच्या दोन पानांची प्रत आणली. त्याच आठवड्यात दोन खलाशी वारल्याची नोंद. आम्ही जिंकल्यासारखे ओरडलो, की बघा, म्हणूनच खोडला! आणि सर म्हणाले, नाही, एवढं म्हणता येत नाही. त्याला ते दोघं माहीत होते का, पत्र कुठल्या वारी लिहिलं, त्याचं पत्र दुसरं कुणी वाचणार होतं का, यातलं तुम्हाला काही ठाऊक नाही. "शक्य आहे" असं लिहा, "म्हणून" असं लिहू नका.

ताई, "शक्य आहे" आणि "म्हणून" यांच्यातला फरक, तो शिकायला मला तीन वर्षं लागली आणि खरं सांगायचं तर अजून शिकतेय. निबंध हा त्याचा पुरावा असतो फक्त. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात म्हणून तुम्हाला हे दुसऱ्या कुणापेक्षा पटकन कळेल. ताळेबंद आज सॉफ्टवेअर काढून देतं ना? तरी व्हाउचर बघायला माणूस लागतो, ही एंट्री इथे का आहे, ही तारीख मागची का टाकलीय, हे विचारणारा. तुमची लेक जे शिकायला निघालीय ते माणसांच्या बोलण्याचं आणि लिहिण्याचं ऑडिट आहे असं समजा. कोण बोलतंय, कुणाशी, कधी, कशासाठी, काय गाळलंय.

आणि हे काम आजचं नाहीये. १४४० साली लोरेन्झो व्हाल्ला नावाच्या इटालियन विद्वानानं एका दस्तावेजावर हात घातला. त्या कागदानुसार चौथ्या शतकातल्या कॉन्स्टंटाइन बादशहानं रोम आणि पश्चिमेकडचं राज्य पोपला देऊन टाकलं होतं, आणि कित्येक शतकं पोपच्या सत्तेला आधार म्हणून तो पुढे केला जात होता. व्हाल्लाकडे ना सैन्य होतं ना प्रयोगशाळा. त्याला लॅटिन येत होतं, फार चांगलं येत होतं. त्यानं दाखवलं की या कागदातलं लॅटिन चौथ्या शतकातलं नाहीच, त्यात रोमन अधिकाऱ्यांना "सत्रप" (म्हणजे इराणी सुभेदार) म्हटलंय, जो शब्द त्या काळच्या रोममध्ये त्या अर्थानं कुणी वापरत नव्हतं, आणि कॉन्स्टॅन्टिनोपल शहराचा असा उल्लेख आहे की जणू ते केव्हाच वसून मोठं झालंय, जेव्हा की ते तेव्हा उभंही राहिलेलं नव्हतं. एका शब्दाचं वय ओळखता आलं म्हणून बनावट कागद उघडा पडला! मला ही गोष्ट सांगताना दरवेळी अंगावर काटा येतो. आणि आता विचार करा, जुना वाटणारा कागद, खरा वाटणारा आवाज, ओळखीच्या माणसाच्या तोंडी घातलेलं भाषण हे सगळं कुणीही घरबसल्या बनवू शकतं असे दिवस आलेत. व्हाल्लाचं कौशल्य आता कमी लागणार की जास्त?

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात काय झालं ते तिच्या बाबांना सांगा. एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून मजकूर घेऊन कोर्टात सादर केला, त्यात जुन्या निकालांचे दाखले होते, नावं, तारखा, अवतरणं सगळं व्यवस्थित. समोरच्या वकिलांना ते निकाल सापडेचनात, कारण ते कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. वरवर सगळं खरं वाटत होतं, मुळातली चूक ही की मूळ निकाल उघडून बघायला कुणी गेलं नाही. आणि बघा, हे शिकलेले, अनुभवी लोक होते. मूळ कागदापर्यंत जायची सवय डिग्रीनं आपोआप लागत नाही, ती कुणीतरी रोज मागे लागून लावावी लागते.

पण मी यंत्राच्या विरोधात आहे असं समजू नका, माझ्या विषयात गेल्या काही वर्षांत जे घडलंय त्यातलं सगळ्यात भारी काम यंत्र आणि माणूस एकत्र बसून झालंय. इसवी सन ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा हर्क्युलेनियम गावातल्या एका हवेलीतलं अख्खं ग्रंथालय जळून कोळसा झालं. १७५० च्या सुमारास खोदताना ते सापडलं, शेकडो गुंडाळ्या, दिसायला जळक्या लाकडासारख्या. उघडायला गेलं की बऱ्याचदा भुगा. काही गुंडाळ्या कशाबशा उघडून वाचल्या गेल्या, पण बाकीच्या शेकडो अडीचशे वर्षं तशाच बंद राहिल्या. मग ब्रेंट सील्स या कॉम्प्युटरच्या प्राध्यापकानं वीसेक वर्षं घालवून अशी पद्धत काढली की गुंडाळीचा एक्स-रे स्कॅन करायचा आणि ती न उघडता स्क्रीनवर उलगडायची. २०२३ मध्ये त्यावर खुली स्पर्धा लावली आणि ऑक्टोबरमध्ये ल्यूक फॅरिटर या २१ वर्षांच्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलानं पहिला शब्द काढून दाखवला, ग्रीक शब्द, अर्थ जांभळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो आणि अजून दोन तरुण मुलं मोठं बक्षीस जिंकली, पंधरा रकान्यांतली दोन हजारांवर अक्षरं वाचता आली.

आता इथे थांबा, कारण पुढचा भाग बातम्यांमध्ये कुणी फारसा सांगत नाही. यंत्रानं काय दिलं? कागदावर काळपट खुणा दिल्या. हे अक्षर ग्रीक आल्फा आहे की लँब्डा, हे जुनं हस्तलिखित वाचणाऱ्यांनी ठरवलं. ग्रीक तेव्हा शब्दांमध्ये जागा न सोडता लिहीत, म्हणजे शब्द कुठे तुटतो हे भाषा येणाऱ्याला कळणार. मजकूर सुखाबद्दल आहे, दुर्मिळ गोष्ट भरपूर मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा जास्त सुख देते का असा वाद त्यात चाललाय, तो बहुधा एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या पंथातल्या फिलोडेमसचा आहे, हे सगळं तत्त्वज्ञान वाचलेल्या माणसांनी ओळखलं. तुमचा भाऊ आणि तुमची लेक एका टेबलावर बसले असते तर हे काम झालं असतं, दोघांपैकी एक उठून गेला असता तर अडलं असतं. भावाला ही गोष्ट जरूर सांगा, मला वाटतं त्यालाही आवडेल. आणि अजून शेकडो गुंडाळ्या तशाच पडून आहेत, त्या वाचायला जुन्या भाषा येणारी माणसं लागतील, आणि नेमकी तीच माणसं तयार करणारे विभाग आपण बंद करत चाललोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, ठीक आहे, जुनी कागदपत्रं झाली, त्यानं कुणाचं पोट भरतं, कुणाचा जीव वाचतो? तर एक जीव वाचण्याची गोष्ट. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली, अकरा हजारांवर माणसं गेली. डॉक्टरांना आजार कसा पसरतो ते नीट माहीत होतं, मृतदेहाला हात लावल्यानं लागण होते हेही माहीत होतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार निदान २० टक्के नवीन लागण दफनविधीतून होत होती. म्हणून पांढऱ्या सूटमधली पथकं यायची, मृतदेह प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यायची आणि पुरून टाकायची. शास्त्र बरोबर होतं. पण लोक माणसं लपवायला लागले, रात्री गुपचूप अंत्यविधी करायला लागले, पथकांवर दगड पडायला लागले. मग मानववंशशास्त्र शिकलेल्या लोकांना विचारलं गेलं. त्यांनी घराघरांत बसून ऐकलं की अंत्यविधीत लोकांना काय सोडणं शक्य आहे आणि काय अजिबात नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवीन नियमावली आली, तिच्या नावातच "सुरक्षित आणि सन्मानपूर्वक" असे दोन्ही शब्द आहेत. घरच्यांना सांगून, त्यांना हजर ठेवून, धर्मगुरूंना बोलावून, प्रार्थना होऊ देऊन दफन. साथ आटोक्यात येण्यामागे बरीच कारणं होती, सगळं श्रेय एका गोष्टीला देणार नाही (सर रागावतील), पण लोकांचं ऐकून न घेता निव्वळ विषाणूचं ज्ञान तिथे पुरलं नाही, एवढं नक्की.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला सांगणार नाही, जी या विषयांची बाजू घेणारे नेहमी सांगतात, की साहित्य-इतिहास वाचून माणूस चांगला होतो. होतोच असं नाही. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनच्या व्हान्झे भागात युरोपातल्या ज्यूंना संपवण्याच्या योजनेवर जी बैठक झाली तिला पंधरा माणसं होती आणि त्यातल्या आठ जणांकडे डॉक्टरेट होती, बहुतेकांची कायद्यातली. म्हणजे भरपूर शिकलेले लोक. त्यामुळे तुमची लेक इतिहास शिकून आपोआप शहाणी किंवा दयाळू होईल असं गृहीत धरू नका. पण त्या बैठकीत काय घडलं हे आपल्याला कळलं ते तिच्या नोंदींची एक प्रत १९४७ मध्ये सापडली म्हणून, आणि त्यातल्या गुळगुळीत सरकारी शब्दांमागे काय लपलंय हे वाचता येणारी माणसं होती म्हणून. "पूर्वेकडे स्थलांतर" असं लिहिलंय तिथे. त्याचा अर्थ काय होता हे कळायला वाचता यावं लागतं. मला स्वतःला या विषयांची गरज इथे सगळ्यात जास्त वाटते, आणि ती गरज मार्केटवर अवलंबून नाहीये.

बरं, आता तीन आठवड्यांत काय करायचं.

कॉलेजच्या नावापेक्षा विभागात काय चालतं ते बघा. लेकीला घेऊन जा, शक्य असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलांशी बोला, शिक्षकांशी नंतर. त्यांना विचारा की वर्षभरात मूळ कागद, मूळ ग्रंथ किती हातात येतात की फक्त नोट्स असतात. लिहिलेलं कुणी वाचून परत देतं का, लाल पेनानं, ओळीओळीला. तोंडी परीक्षा होते का, म्हणजे स्वतःचं लिखाण समोर बसून सांभाळावं लागतं का. आणि एआयबद्दल त्यांचं धोरण काय हे स्पष्ट विचारा. जिथे "आमच्याकडे कुणी वापरत नाही" असं सांगतील तिथे जरा सांभाळून, आणि जिथे सांगतील की यंत्राचं उत्तर आणून मुलांकडून त्यातल्या चुका काढून घेतो, तिथे फॉर्म भरायला हरकत नाही. ज्या विभागात अजून घरी निबंध लिहून आणा आणि मार्क घ्या एवढंच चालतं, तिथे तिच्या बाबांचा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे, तिथे नका पाठवू.

जुनी भाषा तिला खरंच शिकायची असेल तर ती पहिल्याच वर्षी सुरू करू दे, पुढे ढकलली की होत नाही, रूपं पाठ करण्यात दोन वर्षं जातात आणि ती कंटाळवाणी असतात, हे तिला आत्ताच सांगा. गणित चांगलं आहे ना? मग ते सोडायचं नाही. संख्याशास्त्राचा एखादा पेपर, थोडं प्रोग्रॅमिंग, हे सोबत ठेवलं तर जुन्या जनगणना, व्यापाराच्या वह्या, हजारो पानांचे स्कॅन यांवर काम करता येतं, आणि अशी दोन्ही येणारी माणसं फार कमी आहेत. हे मी नोकरीसाठी म्हणतेय तसंच विषयासाठीही म्हणतेय. सुट्टीत एकदा तरी संग्रहालयात, अभिलेखागारात, प्रकाशकाकडे किंवा वर्तमानपत्रात काम करू दे, बिनपगारी असलं तरी एखाद्या वेळी चालेल, कायम नको. तिथे तिला कळेल की आवड आहे की नुसती कल्पना आहे.

पैशाचं तुम्हाला मी काय सांगणार, फक्त एक, या शिक्षणासाठी मोठं कर्ज काढू नका. पहिल्या नोकरीचा पगार ते फेडायला पुरेलच याची खात्री नाही, आणि कर्जाच्या धाकानं मुलं पहिल्याच वर्षी भलतीकडे जातात. कमी फीचं पण चांगलं शिकवणारं ठिकाण निवडा. आणि पुढे कायदा, पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र, शिक्षण, धोरणाचं काम असे बरेच रस्ते इथूनच फुटतात, पदवी मिळाली म्हणजे सगळं ठरलं असं नसतं. तिनं तिसऱ्या वर्षी रस्ता बदलला तर त्याला पस्तावणं म्हणू नका.

दोष माझाच असेल, असं तुम्ही लिहिलंय. ताई, अठरा वर्षांच्या मुलीचा निर्णय आहे, तो तिचाच राहू द्या, बरोबर ठरला तरी तिचा आणि चुकला तरी तिचा. तुम्ही हो म्हणा असं मी म्हणेन, पण हो म्हणायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि तिला विचारा की ती सध्या काय वाचतेय ते दाखव, आणि तुम्हाला कळेल असं समजावून सांग. मध्ये मध्ये "कशावरून?" असं विचारत राहा, व्हाउचर मागता तसं. ती चिडली तर चिडू दे. पण चिडून परत पुस्तक उघडून बघायला गेली, तर मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माझ्या आधी मिळेल.

अजून एक. तुमच्या पत्राच्या चौथ्या पानावर, "मी वीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे" याच्या पुढे एक अख्खी ओळ खोडलेली आहे, आणि मग "मला या विषयांतलं काही कळत नाही" असं सुरू होतं. बाकी पाच पानांत कुठे खाडाखोड नाही. फोटो मोठा करून बघितला असता तर कदाचित वाचता आलं असतं, पण तुम्ही खोडलंय म्हणजे मला सांगायचं नव्हतं, म्हणून मी केला नाही. सुरुवातीचा "मलाही" तेवढा न बघता दिसतो. पुढचं काय होतं ते फॉर्म भरायच्या आधी लेकीला सांगा.